वखारीतील कार्यालय

वखार म्हणजे व्यापारी माल साठवण्याची मोठी जागा. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रजी वखारीत मालाचे गठ्ठे रचले जात आणि त्याच आवारात व्यापाराचे हिशेबही लिहिले जात. पुढे गोदाम आणि कचेरी यांची फारकत झाली. अलीकडे मात्र जुन्या गोदामांत व गिरण्यांत पुन्हा कार्यालये थाटली जात आहेत. मुंबईत १९८२ च्या संपानंतर अनेक कापडगिरण्या बंद पडल्या. कालांतराने लोअर परळ परिसरातील काही गिरण्यांच्या आवारांत कार्यालये, दुकाने व उपाहारगृहे आली.

जाड भिंती, उंच छत आणि प्रशस्त दालने यांमुळे अशा वास्तू मनात भरतात. परंतु त्या मालासाठी बांधलेल्या असतात, ही गोष्ट विसरून चालत नाही. गठ्ठ्यांना खेळती हवा लागत नाही आणि संकटकाळी त्यांना बाहेर पडण्यासाठी जिनाही लागत नाही. माणसांना या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून जागेचा वापर बदलला, की तिची रचना आणि तिची कागदपत्रे हीदेखील बदलावी लागतात.

हा बदल न झाल्यास काय घडते, याचे उदाहरण दिल्लीतील करोल बागेजवळच आहे. तेथील जुन्या राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातूनही विद्यार्थी येतात. २७ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसाचे पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या तळघराला साठवण व वाहनतळ यांचीच परवानगी होती. प्रत्यक्षात तेथे ग्रंथालय चालत होते. मुंबईतही २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल्सच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांनी प्राण गमावले.

म्हणून अशी जागा भाड्याने घेणाऱ्याने प्रथम मंजूर नकाशा पाहावा. त्यात कार्यालयाचा वापर मान्य आहे का, नंतर घातलेला पोटमाळा त्यात दाखवला आहे का, हे तपासावे. भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाचा दाखला मागावा. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग स्वतः चालून पाहावा. इमारत वारसा यादीत असल्यास तिच्यात बदल करण्यापूर्वी संबंधित समितीची संमती लागू शकते. मुंबईत असे नियम १९९५ पासून आहेत.

यानंतर करार येतो. भाडेपट्ट्याने भाडेकरूला ठरलेल्या मुदतीपुरता जागेवर हक्क मिळतो. परवाना करारात मात्र केवळ वापराची मुभा मिळते. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे आवश्यक केले असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा दरमहा ३५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना लागू नाही. त्यामुळे तेथे बहुतेक कार्यालयांच्या बाबतीत करारातील शब्दांनाच महत्त्व येते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. अकरा महिन्यांचे करार सर्रास दिसतात ते यामुळेच.

करारात भाड्याची वाढ, अनामत रक्कम परत करण्याची मुदत आणि छत, भिंती व वीजवाहिन्या यांच्या दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली असावी. जुन्या वास्तूत गळती ही नित्याची बाब असते. तिचा खर्च कोणी करायचा हे आधी ठरले नसेल, तर पहिल्याच पावसात वाद उभा राहतो.

जुनी वास्तू पाडण्याऐवजी वापरात आणणे हे निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि, भिंतींना रंग दिल्याने गोदामाचे कार्यालय होत नाही. तेथे दिवसभर बसणारी माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततील, अशी व्यवस्था झाल्यावरच ते कार्यालय ठरते.