टॅबचा आवाज एकाच बाजूने येतो तेव्हा

गटाची बैठक आहे, मधोमध टॅब ठेवला आहे, भोवती पंधरा-वीस जणी बसल्या आहेत. एका बाजूच्या बाया म्हणतात, "काहीच ऐकू येत नाही जी!" दुसऱ्या बाजूच्या म्हणतात, "आम्हाला तर चांगलं ऐकू येते." आज याच तक्रारीबद्दल बोलू.

टॅबमध्ये बहुधा दोन स्पीकर असतात आणि चित्रफितीचा आवाजही दोन भागांत भरलेला असतो, डावा आणि उजवा. पुष्कळदा दोन्ही भाग सारखेच असतात, तेव्हा एक स्पीकर बंद पडला तरी निभते. पण काही मुलाखतींत विचारणारीचा आवाज एका भागात आणि नर्सताईचा दुसऱ्या भागात असतो. मग "ओआरएसची मोठी पुडी किती पाण्यात घालायची?" हा प्रश्न ऐकू येतो आणि "एक लिटर" हे उत्तर मात्र हरवते. घरी जुलाबाने बेजार झालेलं लेकरू असेल, तर हे उत्तर हरवून चालणार नाही.

आधी टॅबच्या कडेला जाळी किती ठिकाणी आहे ते पाहा. काही स्वस्त टॅबना एकच स्पीकर असतो, तिथे दुसरा शोधत बसू नका. दोन असतील तर गाणं चालू ठेवून टॅब जागच्या जागी अर्धा फिरवा. कमी आवाजाची बाजू टॅबसोबत फिरली, तर दोष टॅबमध्ये आहे. ती जिथल्या तिथेच राहिली, तर टॅब बरा आहे. तिथे धानाची पोती रचली असतील, पंखा किंवा बाहेरचा गलका असेल. आणि एकच जण दर वेळी त्याच बाजूने कान पुढे करत असेल, तर तिला टॅबची नाही, कान तपासण्याची गरज आहे. आशाताईला सांगून तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

दोष टॅबचा निघाला, तरी लगेच दुकान गाठू नका. टॅब एकदा बंद करून चालू करा. मग सेटिंग उघडा. वर भिंगाचं चिन्ह असते, तिथे 'ऑडिओ' किंवा 'मोनो' लिहून शोधा. डावी-उजवीकडे सरकणारी एक पट्टी दिसेल, तिचा ठिपका बरोबर मध्ये हवा. लेकरांच्या हातात टॅब गेला की हा ठिपका हमखास सरकतो! तिथेच 'मोनो ऑडिओ' असते, ते चालू करा. त्याने दोन्ही भाग एकत्र होऊन दोन्ही स्पीकरमधून सारखे येतात. माझं तर मत आहे की गटाच्या टॅबवर हे कायम चालूच असावं.

तरीही फरक पडला नाही, तर कव्हर काढून पाहा. पुष्कळ कव्हरांची भोकं जाळीवर नीट बसत नाहीत. भिंतीला टेकवून उभा केला, तर खालची जाळी सतरंजीत दबते. आपल्याकडे कोंडा, धूळ, चुलीची काजळीही जाळीत बसते. कोरा, मऊ, कोरडा दातांचा ब्रश घ्या, जाळी जमिनीकडे करा आणि हलक्या हाताने झाडा. सुई किंवा काडी घालू नका, आतला पडदा पातळ असतो. तोंडाने फुंकरही नको, थुंकीची ओल आत जाते.

पावसात भिजला असेल तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, जाळी खाली करून सावलीत हवेशीर ठेवा. तांदळात पुरून ठेवायची सवय सोडा, तांदळाचा भुसा जाळीत जाऊन बसतो. चुलीजवळ तर मुळीच नको.

एवढं करूनही एक बाजू मुकीच राहिली, तर तो दुरुस्तीलाच न्यावा लागेल. पण तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद होणं भामरागडच्या बायांनी अनेकदा पाहिलं आहे. तोवर मोनोवर एका स्पीकरने काम चालवता येते. टॅब कुणी संस्थेने दिला असेल, तर आधी त्यांना विचारा. गॅरंटी असताना गावातल्या दुकानात उघडला, तर ती जाऊ शकते. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, गटाचा हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि बायांच्या आधार कार्डांचे, पासबुकांचे फोटो आत असतील तर तेही काढून टाका. शक्य असेल तर दोघी जणी जा आणि दुरुस्ती होईपर्यंत दुकानातच बसा.