घरी बांधलेले अंकचालित राउटर
१९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत छिद्रित फितीवरील अंकांबरहुकूम धातू कापणारे यंत्र दाखविण्यात आले. त्याच तत्त्वावर चालणारे लाकूड कोरण्याचे राउटर आज हौशी कारागीर घरीच बांधतो. त्याची स्टेपर मोटर एका फेरीत बहुधा २०० समान पावले टाकते. मळसूत्री दांड्याच्या एका फेरीस राउटर ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलास अवघे ०.०२५ मिलिमीटर अंतर पडते! परंतु या आकड्यावर कोणी भुलू नये. दांडा आणि नट यांत किंचित ढिलाई असली, की दिशा पालटताना मोटर फिरते, राउटर मात्र क्षणभर जागचा हलत नाही. परीक्षेसाठी फळीत वर्तुळ कोरून पाहावे. जेथे दिशा पालटते, तेथे ते चपटे होते. दुभागून मध्ये स्प्रिंग बसविलेल्या नटाने हा दोष बराच आवरतो.

सांगाड्याचा दोष अधिक अवघड. सागात पाते एकदम खोल घातले, की दुबळा सांगाडा लवतो, प्रसंगी मोटरीचे पाऊलच चुकते. साध्या यंत्रास हे कळत नाही; उरलेली सारी नक्षी ते सरकलेल्या जागीच इमानाने कोरीत राहते. म्हणून थर उथळ घ्यावेत, आणि पैसा मोटरीआधी सांगाड्यावर खर्चावा.