मेटल उतरवणारी छत्री

संपादकांनी पाठवलं होतं ते टीव्हीवरच्या हेवी मेटल कार्यक्रमांवर लिहायला. नव्वदच्या दशकात ते व्हिडिओ रात्र रात्र जागून बघितलेली माणसं नांदेड-लातूरकडे नक्की भेटतील, असा त्यांचा होरा होता. माणसं भेटलीही. पण मी गुंतलो तो नांदेडच्या एका गच्चीवरच्या बारा फुटी जाळीच्या छत्रीत आणि ती सांभाळणाऱ्या केबलवाल्यात.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत एमटीव्हीने एप्रिल १९८७ मध्ये ‘हेडबँगर्स बॉल’ सुरू केला. शनिवारी रात्री उशिरा लागायचा, नुसता मेटलचा. युरोपातल्या आवृत्तीची सूत्रधार व्हेनेसा वॉरिक होती. व्हिडिओ करायचाच नाही म्हणून अडून बसलेल्या मेटालिका या बँडने १९८९ मध्ये ‘वन’चा व्हिडिओ काढला. युद्धात हातपाय आणि डोळे गमावलेल्या सैनिकाच्या जुन्या चित्रपटातले तुकडे, अधूनमधून वाजवणारे चौघे, सगळं कृष्णधवल. तो मी आजही सलग बघू शकत नाही, मध्ये थांबावं लागतं. सप्टेंबर १९९१ मध्ये स्टारच्या वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आशियात आली.

ती ज्या उपग्रहावरून आली त्याची कथा विलक्षण आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘वेस्टार-६’ नावाने तो अवकाशात गेला, इंजिन दगा देऊन गेलं आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’ यानातल्या अंतराळवीरांनी हाताने धरून त्याला परत आणलं आणि ‘विकणे आहे’ अशी पाटी हातात धरून फोटोही काढला. दुरुस्त होऊन तोच एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणावरून पुन्हा वर गेला, आशियासॅट-१ म्हणून. विषुववृत्तावर, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर.

नांदेडहून ती जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर येते. ३६ हजार किलोमीटरवरून पोचेपर्यंत सिग्नल इतका क्षीण झालेला असतो, की छत्रीने तो गोळा करून मधोमध टांगलेल्या, सिग्नल टिपणाऱ्या एलएनबीवर नेमका टाकावा लागतो. वळवाच्या वाऱ्याने कडा दोन बोटं सरकली तरी चित्रात मुंग्या. मग एकाने गच्चीवर नट ढिले करायचे, दुसऱ्याने खाली टीव्हीसमोर बसायचं आणि जिन्यातून ओरडाआरडा करत छत्री जागेवर आणायची. हे काम केबलवाल्याने वर्षानुवर्षं केलं, बहुतेक रात्री.

त्याला स्वतःला ते संगीत मुळीच आवडत नव्हतं. त्याची आवड भजनांची. पण रात्री एमटीव्ही लागलेल्या घरांतून आवाज फाटतोय अशी तक्रार यायची. गिटारचा आवाज मुद्दामच फाडलेला, आणि सडलेल्या जोडामुळे लाइनचाही फाटायचा. सुरुवातीला तो दुसरी वाहिनी लावून खात्री करी. पुढे नुसतं ऐकूनच ओळखू लागला: गिटारच्या फाटण्याखाली सूर टिकून असतो, लाइनच्या फाटण्यात नुसती खरखर. हे सांगताना त्याने बोटांनी टेबलावर ठेकाही धरला. मेटलचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेलं नाही.

बाकी अडचणीच अडचणी. जुन्या संचांना आठ-बारा बटणं. दूरदर्शन, झी, गल्लीतला रात्रीचा सिनेमा यांतच ती संपायची. त्यापलीकडच्या एस बँड या लहरपट्ट्यावर टाकलेली वाहिनी जुन्या टीव्हीवर दिसायचीच नाही. वर्गणी वडील भरत आणि मेटल बघे पोरगा; त्यामुळे इंग्रजी गाणी आधी तिकडे ढकलली जात. खांबांवरच्या अँप्लिफायरना वीज वाटेतल्या कुठल्या तरी घरातून दिलेली. त्या घरची गेली की पुढची अख्खी गल्ली बंद. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारपासून फुटली, तिच्या जागी चॅनल व्ही आलं. १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया म्हणून परतली, आणि हळूहळू हिंदी सिनेमाच्या गाण्यांची झाली. अमेरिकेतला मूळ ‘हेडबँगर्स बॉल’ तर १९९५ च्या आरंभीच गुंडाळला गेला होता.

लातूरला भेटलेल्या एका चाहत्याला गाण्यांपेक्षा वेळ जास्त आठवते. शिकवणीच्या गावात, घरचे झोपल्यावर, आवाज एकवर ठेवून बसायचं. पुढचं गाणं कुठलं हे ठरवणारी व्यक्ती दूर कुठेतरी, अनोळखी. आवडीबाहेरचं काही ऐकायला मिळायचं ते त्यामुळेच. आज त्याच्या मुलाच्या मोबाइलवर दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवुड हवा तेव्हा वाजतो, आणि त्यामागोमाग तसंच काहीतरी. मला काळजी वाटते ती या ‘तसंच’ची. ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या नुसत्या गाण्यांच्या वाहिन्याही २०२५ च्या अखेरीस बंद झाल्या.

केबलवाला आता त्याच गल्ल्यांत इंटरनेटची फायबर टाकतो. फायबरमध्ये आवाज फाटत नाही. लाइन चालते किंवा बंद पडते, एवढंच. कुठल्या घरात काय ऐकतात हे पूर्वी तक्रारींवरून त्याला कळायचं. आता कळत नाही. जाळीची छत्री काढायला भंगारवाला दोनदा येऊन गेला, भाव जमला नाही.