जागा न सोडणारी माणसं

अमेरिकन साहित्यातला बंडखोर म्हटलं की पहिला आठवतो हकलबेरी फिन. पळालेल्या गुलाम जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र हक लिहितो आणि नरकात जायची तयारी ठेवून फाडून टाकतो. मार्क ट्वेननं याहून मोठं काही लिहिलं नाही, असं मला वाटतं. तरीही शेवटी हक पश्चिमेकडे निघून जायचं ठरवतो. गोऱ्या पोराला तो मुलूख मोकळा होता. ज्यांना नव्हता, किंवा वाट असूनही जे हलले नाहीत, त्यांचं बंड मला अधिक अवघड वाटत आलं आहे.

नॅथॅनियल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधली (1850) हेस्टर प्रिन घ्या. सतराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये व्यभिचाराचं अक्षर छातीवर वागवायची शिक्षा तिला होते. गाव सोडायला मनाई नसते. ती वेशीबाहेर राहून शिवणकामावर मुलगी वाढवते आणि ते अक्षर सोनेरी धाग्यांनी डौलदार भरते. गव्हर्नरसुद्धा तिच्या हातचं भरतकाम मिरवतो. नववधूचं वस्त्र मात्र तिच्याकडे कोणी देत नाही. सेलमच्या 1692 मधल्या चेटूक-खटल्यांतले एक न्यायाधीश हॉथॉर्नचे पूर्वज होते. धर्मनिष्ठ गाव किती निष्ठुर होऊ शकतं, हे सांगताना त्याला दूर जावं लागलं नाही.

हर्मन मेलव्हिलचा बार्टलबी (1853) हा वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाकडे दस्तऐवजांच्या नकला करणारा कारकून. एके दिवशी तो सौम्य शब्दांत कामाला नकार देतो आणि कचेरीतून हलतच नाही. अखेर वकीलच कचेरी दुसरीकडे नेतो. बार्टलबी तुरुंगात अन्नावाचून मरतो.

पण हे सगळे कल्पनेतले. गुलामगिरीत जन्मलेली हॅरिएट जेकब्स खरी होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावी, मालकाच्या वासनेला नकार देऊन ती 1835 मध्ये लपली, ती आजीच्या घराच्या माळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, सर्वांत उंच जागी तीन फूट. तिथं तिनं जवळजवळ सात वर्षं काढली. भिंतीला छिद्रं पाडून ती खाली खेळणारी आपली मुलं पाहायची. आई तिथं आहे हे मुलांना सांगितलेलं नव्हतं. त्याच अंधारात बसून ती मालकाला न्यूयॉर्कचा पत्ता घातलेली पत्रं लिहायची आणि उत्तरेकडून टपालात टाकवायची. मालक तिला उत्तरेत शोधत राहायचा. या लढाईत बुद्धी कोणाची चालत होती, हे वाचताना ऊर भरून येतो.

1842 मध्ये ती उत्तरेला निसटली. 1861 मध्ये टोपणनावानं तिचं आत्मकथन छापून आलं. पुढं कित्येक दशकं अभ्यासकांनी ते संपादिका लिडिया मारिया चाइल्डची कादंबरी मानलं. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार धुंडाळून ते जेकब्सचंच असल्याचं सिद्ध केलं आणि 1987 मध्ये त्याची आवृत्ती काढली. गुलाम बाई इतकं चांगलं लिहूच शकत नाही, हा समज गुलामगिरी संपल्यावरही शतकभर टिकला. राल्फ एलिसनच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’चा (1952) निवेदक तळघरात 1369 दिवे लावून बसतो, तेव्हा मला त्याच्या डोक्यावर तो माळा दिसतो.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. जेकब्स त्यांना ठाऊक होती असा दावा मी करणार नाही. पण त्या लोकांत तीही मोडते: अमेरिकेत यादवी युद्ध चालू असतानाच तिनं आणि तिच्या लेकीनं व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. गोरे मिशनरी ती ताब्यात घेऊ पाहत होते. कारभार काळ्या समाजाच्याच हाती राहिला, आणि शिकवायला उभी राहिली ती जेकब्सची लेक.