गोठलेल्या जमिनीची परिषद

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी आटले, की माणसे विहीर आणखी खोल खणतात. खाली पाणी लागेल, असा त्यांना भरवसा असतो. पण ११६ मीटर खणूनही पाण्याचा थेंब लागला नाही, अशी एक विहीर आहे. ती रशियातील सैबेरिया या अतिशय थंड प्रदेशात, याकुत्स्क शहरात आहे.

शेर्गिन नावाचा एका व्यापारी कंपनीचा कारभारी तेथे राहत होता. १८२८ मध्ये त्याने विहीर खणायला घेतली. लेना नदी जवळच वाहत होती. मग पाणी का लागू नये? पण जमीन दगडासारखी टणक होती. काम सुमारे नऊ वर्षे चालले. शेवटी विहिरीची खोली एवढी झाली, की तीत पस्तीस मजली इमारत सहज मावली असती. तरी विहीर कोरडीच! पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने या विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजले. खाली जावे तसा गारवा थोडा थोडा कमी होत होता. पण तळाशीही तापमान शून्य अंशाच्या खालीच होते. जमिनीत पाणी होते, पण ते बर्फ होऊन मातीला घट्ट धरून बसले होते.

अशा जमिनीला इंग्रजीत ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. आपण तिला ‘कायम गोठलेली जमीन’ म्हणू. ‘कायम’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगलाच ओळखीचा आहे. मात्र शास्त्रज्ञांचे ‘कायम’ जरा निराळे आहे. जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाला किंवा त्याखाली राहते, तिला ते हे नाव देतात. हा शब्द सिमॉन म्युलर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तयार केला. तो जन्माने रशियातला. अमेरिकेच्या सैन्याला थंड प्रदेशात रस्ते आणि विमानतळ बांधायचे होते. म्युलरने रशियन पुस्तके वाचून त्यातील ज्ञान इंग्रजीत आणले. दोन भाषा येत असल्या, की असा उपयोग होतो!

या जमिनीवर घर बांधणे सोपे नसते. हिवाळ्यात याकुत्स्कमध्ये पारा शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास उतरतो. घरे आतून गरम ठेवावीच लागतात. पण घराची ऊब खाली गेली, की जमिनीतील बर्फ वितळतो, मातीचा चिखल होतो आणि भिंतींना तडे जातात. म्हणून तेथील मोठ्या इमारती उंच खांबांवर उभ्या असतात. इमारत आणि जमीन यांच्यामधून थंड वारा वाहत राहतो आणि जमीन गोठलेलीच राहते. पाण्याचे नळही जमिनीवरून नेलेले दिसतात. अलास्कात १९७७ मध्ये सुमारे १३०० किलोमीटर लांबीची तेलाची नळवाहिनी पूर्ण झाली. तीही निम्म्याहून अधिक अंतर आधारांवर उचलून नेली आहे, कारण आतले तेल गरम असते.

हे प्रश्न कोणा एका देशाचे नव्हते. म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गोठलेल्या जमिनीवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दुसरी परिषद १९७३ मध्ये भरली, ती थेट याकुत्स्कमध्ये! त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएट संघ यांचे एकमेकांशी पटत नव्हते. तरीही दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र बसले, त्यांनी निबंध वाचले. रशियन निबंधांचे इंग्रजी भाषांतर १९७८ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. १९८३ मध्ये अलास्कातील फेअरबँक्सच्या परिषदेत या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९३ ची परिषद चीनमध्ये, बीजिंगला झाली.

अशा परिषदेत केवळ भाषणे होतात, असे समजू नका. मोजमाप कसे करायचे, हे ठरवणे फार महत्त्वाचे असते. एकाने एका रीतीने मोजले आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने, तर तुलना कशी करणार? या जमिनीचा वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याची जाडी मोजण्यासाठी शंभर मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन आखतात. त्यात दर दहा मीटरवर एक, अशा १२१ जागी लोखंडी सळई जमिनीत खुपसतात. सळई टणक थराला अडली, की तेवढी माती वितळली असे समजते. पद्धत किती साधी! पण उन्हाळ्याच्या शेवटी, दरवर्षी त्याच जागी हे करावे लागते. उत्तरेकडच्या अनेक देशांत हे काम चालते.

आता या मोजमापांतून काळजीची गोष्ट दिसते आहे. पृथ्वी तापत आहे आणि अनेक ठिकाणी ही जमीन पूर्वीपेक्षा उबदार झाली आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे लोक जमिनीत खणलेल्या तळघरांत देवमाशाचे मांस साठवतात. आता काही तळघरांत पाणी साचते आणि मांस खराब होते. दुसरी काळजी सर्व जगाची आहे. गोठलेल्या मातीत वनस्पती आणि प्राणी यांचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष न कुजता पडून आहेत. हवेत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन या मातीत आहे. माती वितळली, की जंतू ते अवशेष कुजवतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू निघतात आणि पृथ्वी आणखी तापते.

आपल्या देशाचाही या अभ्यासाशी संबंध आहे. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. त्या बेटांची जमीनही अशीच गोठलेली आहे.

बारावी परिषद २०२० मध्ये चीनमधील लानचौ येथे भरायची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती होऊ शकली नाही. शेवटी जून २०२४ मध्ये कॅनडातील व्हाइटहॉर्स या शहरी शास्त्रज्ञ पुन्हा एकत्र आले.