दाबाच्या पातळ्या आणि पहिला पेन टॅब्लेट

पहिला पेन टॅब्लेट घेणाऱ्याची सर्वाधिक दिशाभूल करणारा आकडा खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो: 8,192 किंवा अलीकडे 16,384 प्रेशर लेव्हल. पेन किती जोराने टेकलं हे टॅब्लेट किती पायऱ्यांत मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. पायऱ्या दुप्पट झाल्या की रेघ दुप्पट नाजूक येते, हा समज मात्र इतका पक्का झाला आहे की 4,096 पातळ्यांचा उत्तम टॅब्लेट ‘जुना’ म्हणून बाजूला सारला जातो. हा समज साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत नवशिक्याच मोजतो.

नेहमीच्या 8-बिट चित्रात लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येकाच्या 256 छटा असतात. दाबानुसार रंग गडद-फिका करणाऱ्या ब्रशला 8,192 पायऱ्या मिळाल्या तरी त्या शेवटी याच छटांत बसवाव्या लागतात. हाताची मर्यादा तर याहून कडक आहे. पँग, टॅन आणि डर्लाक यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चिमटीने दाबताना जोरातला सरासरी 7 टक्क्यांच्या आसपासचा फरकच माणसांना जेमतेम ओळखता आला. 5 ग्रॅमपासून 500 ग्रॅमपर्यंतचा दाब 7-7 टक्क्यांनी वाढवत नेला तर सत्तर पायऱ्याही भरत नाहीत. फिकी होत जाणारी रेघ सलग दिसावी म्हणून यापेक्षा बारीक मोजणी हवी हे खरं. पण ती गरज काही हजारांत कधीच भागली आहे. 2009 मध्ये आलेल्या वॅकॉमच्या इंट्युओस 4 मध्ये 2,048 पातळ्या होत्या, आणि त्यावर व्यावसायिक चित्रकारांनी वर्षानुवर्षं कामं केली.

फरक पडतो तो भलत्याच गोष्टींनी, आणि त्या खोक्यावर क्वचितच सापडतात. पेन कागदावर अलगद टेकवावं तसं टेकवल्यावर रेघ उमटते का, की आधी जोर द्यावा लागतो? हा सुरुवातीचा दाब जितका कमी तितकं छायांकन सोपं. तिरकी रेघ अगदी सावकाश ओढली की स्वस्त टॅब्लेटवर ती कधीकधी नागमोडी होते. दुकानात पट्टी धरून हे दोन मिनिटांत तपासता येतं. ड्रायव्हर आपल्या संगणकावर नीट चालतो का, हेही आधी पाहावं. हलका किंवा जड हात असेल तर दाबाचा आलेख बदलता येतो. क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे. त्यामुळे सुरुवातीलाच महागडं सॉफ्टवेअर लागतं, हेही खरं नाही.

‘स्क्रीन नसेल तर चित्र काढता येत नाही’ हेही तितकंच निराधार आहे: हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवायची सवय सरावाने होते. उलट स्क्रीनवाले बहुतेक पेन डिस्प्ले संगणकाला जोडल्याशिवाय चालतच नाहीत, हे अनेकांना घरी आल्यावर कळतं. मोबाइलवर चालणारी रबरी टोकाची स्टायलस दाब ओळखत नाही. तिथे फक्त बोटाची जागा काठी घेते. पेनात बॅटरी नसणं ही उणीव नव्हे, कारण विद्युतचुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या पेनाला ऊर्जा टॅब्लेटच पुरवतो. मोठा आकार म्हणजे चांगला टॅब्लेट असंही नाही. मनगटातून रेघ ओढणाऱ्याला छोटा पुरतो, खांद्यापासून हात फिरवणाऱ्याला मध्यम सोयीचा. आकारापेक्षा टॅब्लेटचं आणि पडद्याचं प्रमाण जुळवणं महत्त्वाचं, नाहीतर वर्तुळं अंडाकृती येतात. डावखुऱ्यांना वेगळं मॉडेल शोधावं लागत नाही. ड्रायव्हरमधून टॅब्लेट उलटा फिरवता येतो.

जुना टॅब्लेट स्वस्तात मिळत असेल तर तो जरूर घ्यावा, मात्र मूळ पेन सोबत असेल तरच: एका मॉडेलचं पेन दुसऱ्यावर बहुधा चालत नाही.