शिक्षा, पण तुरुंगाबाहेर
घरबसल्या शिकू या : अमेरिकेतील सुधारव्यवस्था (लेखांक ५)

जेल आणि प्रिझन यांची विभागणी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. अमेरिकी महाविद्यालयांच्या प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रमात त्यानंतर बहुधा प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर देखरेखीखाली बाहेर राहण्याचा, घटक येतो. कोठड्या, पहारे, दंगली यांबद्दल वाचायला आलेले विद्यार्थी हा घटक घाईने उरकतात. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहायचा, चाचणी द्यायची आणि पुढे जायचे. माझा आग्रह उलटा आहे. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे ५४ लाख माणसे सुधारव्यवस्थेच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली होती. त्यांतली दोन तृतीयांशाहून अधिक घरीच राहत होती, प्रोबेशनवर किंवा परोलवर (तुरुंगातून मुदतीआधी सशर्त सुटका).

प्रोबेशनची सुरुवात बोस्टनमधल्या एका चांभाराने केली. १८४१ मध्ये जॉन ऑगस्टस पोलीस कोर्टात बसलेले असताना दारूच्या व्यसनापायी पकडलेल्या एका माणसाला तिथे उभे केले गेले. ऑगस्टस यांनी स्वतः जामीन राहून त्याला सोडवून नेले. तीन आठवड्यांनी तो शुद्धीवर, नीटनेटका होऊन कोर्टात परतला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडले. १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टस यांनी जवळजवळ दोन हजार जणांसाठी असा जामीन दिला. मात्र ते कुणालाही सोडवत नसत. आधी चौकशी करत: पहिलाच गुन्हा आहे का, वय काय, संगत कोणती. मग काम शोधून देत, राहायची सोय लावत आणि मुदत संपली की कोर्टाला कळवत. चौकशी, मदत, देखरेख आणि अहवाल ही आजच्या प्रोबेशन अधिकाऱ्याची कामे त्यांनी विनावेतन केली. मॅसॅच्युसेट्सने यासाठी कायदा केला तो १८७८ मध्ये, त्यांच्या पश्चात.

पाठ्यपुस्तक इथून थेट अटींच्या यादीवर येते, आणि विद्यार्थ्याने तिथेच थांबायला हवे. ठरल्या वेळी हजेरी, लघवीची तपासणी, परवानगीशिवाय राज्याबाहेर न जाणे, नोकरी टिकवणे आणि बऱ्याच ठिकाणी स्वतःवरच्या देखरेखीची फीही स्वतःच भरणे. नवा गुन्हा न करता यातली एखादी अट मोडली, तरी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. ऑगस्टस काम शोधून देत. आता काम नसणे हाच ठपका ठरू शकतो. या व्यवस्थेचे सगळ्यात मोठे दुखणे मला इथे दिसते.

म्हणून या आठवड्यात सारांश न वाचता ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ हा १९८३ चा मूळ निकाल वाचा. आरोपीला प्रोबेशन मिळाले होते, सोबत ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई. आईवडिलांकडून उसने घेऊन त्याने २०० डॉलर भरले. मग नोकरी गेली. त्याला वाचता येत नव्हते, दुसरे काम मिळेना. उरलेली रक्कम थकली म्हणून खालच्या कोर्टाने प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात धाडले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. पैसे का भरले नाहीत, हे आधी तपासा. प्रामाणिक प्रयत्न करूनही जमले नसेल तर दुसरा मार्ग पाहा. तोही पुरेसा नसेल तरच तुरुंग.

निकाल वाचताना आपला १९५८ चा अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम शेजारी ठेवा. त्याच्या कलम ६ नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील आरोपीला तुरुंगात पाठवायचे असेल, तर न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणे नोंदवावी लागतात. अभ्यासक्रमातल्या लेखी चर्चेत ही तुलना जरूर मांडा; अमेरिकी सहाध्यायांना ती सहसा ठाऊक नसते.

पुढील आठवड्यात : परोल, आणि १९८४ च्या कायद्याने संघराज्याच्या कैद्यांसाठी तो का बंद केला.